येसराचा रुपया

समस्त भाऊबंद, सोयरेधायरे आणि येसराच्या आमटीवर जीव टाकणारे तमाम गावकरी यांना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या घराण्याचा चांदीचा रुपया एका मंगळवारी भर दुपारी एसटीच्या डाव्या खिडकीतून गोदावरीत पडून दिवंगत झाला. त्याच्या पश्चात एक तागडी, मसाल्याच्या सात पुड्या आणि मी, असा परिवार आहे.

आता खरं सांगायचं तर तो पडला नव्हता. मी तो स्वतःच्या हातानं फेकला होता. पण हे त्या वेळी जाहीर करण्यासारखं नव्हतं, कारण धाकट्या भावाच्या लग्नाला जेमतेम आठवडा उरला होता आणि रुपया आत्याचा होता.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. माहेर आणि सासर दोन्ही देवगाव रंगारीतच, त्यामुळं दोन्ही घरांवर तिचा एकसारखा धाक. गावातल्या कुठल्याही लग्नाचा येसर तीच करायची. येसर म्हणजे गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने-जिरे खरपूस भाजून, त्यात गरम मसाला घालून केलेलं पीठ. त्याची आमटी झाल्याशिवाय आमच्याकडं लग्न लागलं असं कुणी मानत नाही, मग मंगलाष्टकं कितीही वेळा म्हणा. धान्य आत्या मापट्यानं मोजायची. पण लवंग, जायपत्री, दगडफूल असला नाजूक माल ती फक्त रुपयानं तोलायची. तागडीच्या एका पारड्यात तो चांदीचा रुपया, दुसऱ्यात मसाला. लवंग एक रुपयाभार, दगडफूल पाच रुपयेभार, असा सगळा हिशोब तिच्या तोंडपाठ.

हा रुपया निजामाच्या राज्यातला, हाली. पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजाम गेला, काही वर्षांनी त्याचं चलनही बंद झालं. लोकांनी हाली रुपये बदलून घेतले. आत्याच्या सासऱ्यांनीही घेतले, पण एक मागं ठेवला आणि नव्या सुनेच्या हातात दिला. "राज्य बदललं म्हणून आमटीची चव बदलायची का?" असं म्हणाले म्हणे. तेव्हापासून तो रुपया आत्याच्या पदराच्या गाठीत. दर दिवाळीला ती त्याला चिंच आणि राख लावून असा घासायची की त्याच्यावरचा चारमिनार झिजून पार सपाट झाला होता. रुपया मात्र आरशासारखा लखलखीत.

मी तेव्हा शहरात नोकरीला होते. क्रांती चौकाच्या मागच्या बाजूला एका खोलीत राहायचे. चौकात तेव्हा उड्डाणपूल नव्हता आणि माझ्याजवळ अक्कल नव्हती. आत्यानं मला गुलमंडीतून मसाला आणायला सांगितला आणि आयुष्यात पहिल्यांदा पदराची गाठ सोडून रुपया माझ्या हातावर ठेवला.

"दुकानदाराच्या वजनावर माझा इश्वास नाय. या रुपयानंच तोलून घे. आन् शुक्रवारी इथं आल्यावर मी पुडीन् पुडी पुन्हा तोलून बघणार हाय, समजलं का?"

"व्हय, आत्या."

"हरवला तर?"

"नाही हरवत."

"हरवला तर येसर नाय. मंग तुज्या भावाच्या लग्नात वरण वाढा वरण."

गुलमंडीतल्या दुकानदारानं रुपया पाहून आधी मला आणि मग त्याला नमस्कार केला आणि सगळा मसाला बिनतक्रार तोलून दिला. पुड्या मी खोलीवर ठेवल्या, रुपया पर्समध्ये. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, गोदावरीपलीकडच्या पाहुण्यांना पत्रिका द्यायला निघाले. आता पूल आला की आपल्या बसमध्ये काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. झोपलेले जागे होतात, बाया डोक्यावर पदर घेतात, पुरुष टोपी काढतात आणि प्रत्येक खिडकीतून एक हात बाहेर येतो. मी डोळे मिटले, पर्समध्ये हात घातला, हाताला लागलं ते नाणं काढलं, "गोदामाई, लग्न नीट पार पाड" म्हटलं आणि भिरकावलं.

हातातून सुटता सुटताच कळलं. चार आण्याचं नाणं एवढं जड नसतं. डोळे उघडले तेव्हा उन्हात एक पांढरा ठिपका गिरक्या घेत खाली चालला होता. इतका सुंदर दिसत होता की मी एक क्षण घाबरायचंच विसरले. शेजारची म्हातारी म्हणाली, "लई मनापासून टाकला बाई तू." मी म्हटलं, "हो ना."

परतीच्या वाटेवर मी एकच विचार केला. हाली रुपया काही जगात एकच नव्हता. लाखो लोकांच्या हातातून ते गेले होते. त्यातला एक शुक्रवारपर्यंत मिळवायचा, एवढंच. मला वाटलं, ही तासाभराची कामगिरी आहे.

बुधवारी सकाळी एका सराफाकडं गेले. त्यानं चांदीचा रुपया म्हटल्याबरोबर लक्ष्मीचं नाणं पुढं केलं. जुना हवा म्हटल्यावर इंग्रज राणीचा काढला. मी हाली मागितला तर म्हणाला, "ताई, हाली आला की आम्ही आटवतो. गेल्याच महिन्यात आठ आटवले. हा कलदार घ्या, यात चांदी जास्त, वजनही जास्त." वजन जास्त ऐकून मी पायरी उतरले. आत्यानं पुडीसमोर हा कलदार ठेवला असता तर सगळ्या पुड्या वर आणि रुपया खाली. मग दुकानदार चोर ठरला असता नाहीतर मी.

दुपारी गुलमंडीच्या कोपऱ्यावर एकजण फडक्यावर नाणी मांडून बसलेला दिसला. त्याच्याकडं काय नव्हतं! देवादिकांची नाणी होती, बादशहांची होती, आणि एक तर म्हणे सोन्याच्या द्वारकेतून वर आलेलं होतं. मी हाली म्हणताच त्यानं फडक्याखालून एक काढला, अंगठ्यानं खसाखसा पुसला आणि माझ्या नाकासमोर धरला. चारमिनार एकदम ठसठशीत. मी सहज मनोरे मोजले.

"तीनच आहेत."

"चौथा मागं हाय, ताई. पुढून दिसत नाय."

त्याच्या धीटपणाचं मला इतकं कौतुक वाटलं की रुपया घ्यावासा वाटला. पण हातात घेतला तर बिस्किटासारखा हलका. "लवकर सांगा, दुसरं गिऱ्हाईक येतंय," तो म्हणाला. मागं वळून पाहिलं तर एक गाय येत होती.

कार्यालयात आमचे एक वरिष्ठ साहेब होते. पोस्टाची तिकिटं जमवायचे आणि त्यापायी दोनदा फसले होते, त्यामुळं ते तज्ज्ञ झाले होते. त्यांच्यापुढं मी सगळं ओकले. त्यांनी गंभीरपणे चष्मा काढला.

"ज्याला विकायची घाई, त्याच्याकडून घेऊ नका. जो नाणं अंगठ्यानं पुसतो, त्याच्याकडून तर मुळीच नको. नाण्याचा खरा माणूस ते कडेला धरतो, आधी त्यातले दोष सांगतो, सहीनिशी पावती देतो आणि पटलं नाही तर परत घेतो. शहरात असा एकच आहे. गुलमंडीच्या मागं, कापडाच्या दुकानावर. दुपारी तीन ते पाच. पण त्याला पसंत पडलात तरच दाखवेल."

म्हणजे स्थळ पाहायला मी जायचं आणि पसंती तिकडून यायची. गुरुवारी अर्धी रजा टाकली. जिना इतका अरुंद की पर्स आधी गेली आणि मी नंतर. वर एक स्वच्छ खोली, भिंतीला लाकडी कपाटं, खिडकीपाशी टेबल आणि टेबलामागं पांढऱ्या दाढीचे, इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ. खालचे कापडवाले त्यांना चाचा म्हणत होते, म्हणून मीही म्हटलं, "चाचा, मला एक हाली रुपया पाहिजे."

"बैठो बेटी."

बसले. चहा आला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. चाचा एक नाणं भिंगातून बघत होते आणि मी चाचांना. शेवटी म्हणाले, "कौनसा रुपया? दरवाजे में कौनसा हर्फ?"

"कुठला दरवाजा?"

त्यांनी कपाटातून एक रुपया काढला. दोन बोटांत कडेला धरला. हे बघून मला एवढा आनंद झाला की मी जवळजवळ टाळी वाजवली. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक बारीकसं अक्षर होतं. निजाम बदलला की कमानीतलं अक्षर बदलायचं, चाचा म्हणाले, त्याच्या नावाचं पहिलं. मी जन्मभर तो रुपया पाहत आले होते आणि त्याला दरवाजा आहे हे मला त्या दिवशी कळलं. दारात कोण उभं आहे हे तर दूरच.

"आमच्या रुपयाचा दरवाजा झिजला होता," मी म्हटलं आणि मग सगळं सांगून टाकलं. आत्या, येसर, पूल, शुक्रवार. चाचा हसले नाहीत. भिंग खाली ठेवलं आणि खुर्ची पुढं ओढली.

"झिजला होता म्हणजे वजन घटलं. पूरा रुपया तुमको चलताच नहीं. मेरे पास सब अच्छे हैं. अब तुम्हारा कितना घटा था, ये कैसा मालूम होना?"

तेव्हा माझ्या डोक्यात जो उजेड पडला त्याचा मला आजही अभिमान आहे. रुपया गोदावरीत गेला होता, पण त्याचं वजन माझ्या खोलीवर होतं. सात पुड्यांमध्ये! त्यातल्या चार तर नेमक्या एकेक रुपयाभाराच्या होत्या.

मी रिक्षा करून गेले आणि पिशवी घेऊन आले. चाचांनी पितळेची, गुंजही तोलेल अशी नाजूक तागडी काढली, पारड्यावर फुंकर मारली. एका बाजूला आपला चांगला हाली, दुसऱ्या बाजूला पुडीतून ओतलेली माझी लवंग. रुपया हळूच खाली गेला. चाचांनी लवंगेच्या पारड्यात पत्र्याचे इवलेसे तुकडे टाकत दोन्ही पारडी सारखी केली आणि कागदावर काही लिहिलं. मग मिरे. तेवढेच तुकडे लागले. चाचांचे डोळे चमकले. मग जायपत्री. तेवढेच! "वा रे दुकानदार," ते पुटपुटले. चौथी पुडी वेलदोड्यांची. त्यात मात्र तुकडे बरेच जास्त लागले. चाचांनी पुन्हा तोललं, खिडकी बंद करून वारा थांबवला, तिसऱ्यांदा तोललं. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"बेटी, इसमें से किसने खाया?"

सोमवारी संध्याकाळी दोन वेलदोडे मी चहात टाकले होते.

"चाय में," मी कबूल केलं.

"दो?"

"दोन."

चाचांना झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही. चाळीस वर्षांत लोक त्यांच्याकडं नाणी घेऊन आले होते, पण नाण्याची सावली पुडीत बांधून कुणी आलं नव्हतं. नदीत बुडालेल्या रुपयाचं वजन आता त्यांच्यासमोर कागदावर होतं. ते उठले, कपाटाच्या अगदी खालच्या खणात हात घातला आणि थोडं लाजतच डालड्याचा एक जुना डबा बाहेर काढला.

"ये किसी को दिखाता नहीं मैं. कचरा है. झिजे हुए, छेदवाले, मारे हुए. फेकने का दिल नहीं होता."

जगातल्या सगळ्यात प्रामाणिक नाणेवाल्याकडं जाऊन त्याच्याजवळचं सगळ्यात भिकार नाणं मागणारी मी पहिलीच. तासभर आम्ही दोघं त्या डब्यातले हाली एकेक करून लवंगेसमोर ठेवत होतो. हा जड, तो हलका, ह्याला भोक. अकरावा का बारावा ठेवला आणि काटा मध्ये येऊन उभा राहिला. चाचांनी श्वास रोखला. मीही. मग जायपत्री ठेवली, मग मिरे. काटा हलला नाही.

पण रुपया काळाकुट्ट होता. शिवाय आत्याच्या रुपयाच्या कडेला एक छोटीशी खोक होती, ह्याला नव्हती.

"चाचा, इथं जरा कानस मारून..."

त्यांनी रुपया उचलला आणि डब्यात परत टाकला. डब्याचं झाकणही लावलं.

"झूठी चोट नहीं लगाते, बेटी. मैं कचरा बेचूँगा, झूठ नहीं बेचूँगा."

मग मला विनवण्या कराव्या लागल्या. रडायच्या बेतात आले, आणि त्यात नाटक थोडंच होतं. शेवटी झाकण उघडलं. चाचांनी चांदीच्या भावापेक्षा छदामही जास्त घेतला नाही आणि सहीनिशी पावती लिहिली: हाली रुपया एक, फार झिजलेला, अक्षर वाचता येत नाही, संग्रहाच्या कामाचा नाही. वर एक अट घातली.

"इसकू घिसना नक्को. ये जो काला रंग है ना, ये पचास साल में चढ़ा. ये इसकी इज्जत है. वादा?"

"वादा. पण मग तुम्हीही वादा करा. आत्याला सांगायचं नाही."

"मैं कायकू बोलूँगा? तुम्हारी फूफी मुझे कहाँ मिलने वाली?"

इथं मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात उदार आणि सगळ्यात मूर्ख गोष्ट केली. भारावून पर्समधून एक पत्रिका काढली आणि त्यांना लग्नाचं आमंत्रण दिलं. "ज्या मसाल्यानं एवढा तपास लावला त्याची आमटी तरी चाखायला या."

त्या रात्री खोलीवर जाऊन मी पहिला वादा मोडला. दुसरा इलाजच नव्हता. आत्याच्या रुपयात तोंड दिसायचं आणि हा कोळशासारखा. चिंच भिजवली, राख शेजारणीकडून आणली आणि घासलं. पन्नास वर्षांची इज्जत पंधरा मिनिटांत मोरीतून वाहून गेली. रुपया लखलखला. खोक मी पाट्याच्या कडेवर आपटून स्वतः पाडली. चाचांनी पाहिलं असतं तर माझ्या नावानं आंघोळ केली असती.

शुक्रवारी गावी गेले. ओसरीवर तागडी टांगलेली होती. आत्यानं रुपया हातात घेतला, अंगठा फिरवला आणि थांबली.

"आज लई गार लागतोय."

"बसमध्ये वारं होतं ना, आत्या."

 तिनं रुपया पारड्यात ठेवला. लवंग, बरोबर. मिरे, बरोबर. जायपत्री, बरोबर. दगडफूल पाच वेळा, पाचही वेळा बरोबर. मग वेलदोडे. पारडं वर गेलं. आत्यानं पुडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. 

"चोर मेला!" आत्या म्हणाली. "सगळं नीट दिलं आन् महागाच्या मालाला हात मारला. म्हणून म्हनते, शहरातल्या दुकानदारावर इश्वास ठेवू नाय."

त्या बिचाऱ्या दुकानदाराची मी आजवर मनातल्या मनात शंभर वेळा क्षमा मागितली आहे. पण रुपया पास झाला होता. येसर झाला. लग्नाच्या दिवशी आमटीचा वास वेशीपर्यंत गेला. पहिली पंगत उठली तेव्हाच तीन म्हाताऱ्यांनी आत्याला सांगितलं, "चव तीच गं बाई, जराबी हालली नाय." मी मांडवाच्या खांबाला टेकून सुटकेचा निःश्वास सोडला.

आणि समोरून चाचा आले. काळी टोपी, इस्त्रीचा शर्ट, हातात आहेराचं पाकीट. खरंच एसटीनं आले होते! मी धावत जाऊन पानावर बसवलं, आत्याला न सांगण्याची कानाशी आठवण करून दिली. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. तीन वाट्या आमटी प्यायले. चौथी घेताना म्हणाले, "लौंग बराबर है." आत्या वाढत होती, ती खुलली. एवढ्यात नवरदेव, म्हणजे माझा भाऊ, ज्याला मी चाचांचा धंदा सांगून बसले होते पण यातलं बाकी काहीही ठाऊक नव्हतं, मोठ्यानं म्हणाला, "आत्या, हे पाहुणे जुन्या नाण्यांचे मोठे जाणकार आहेत बरं का! ताईच्या ओळखीचे."

आत्यानं वाढायचं पातेलं खाली ठेवलं आणि पदराची गाठ सोडायला लागली.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण शेवटचं वाक्य माझं नाही. आत्या माझ्याशी दीड महिना बोलली नाही. मग एके दिवशी निरोप आला की लिंबाच्या लोणच्याला मोहरी तोलायला ये, आणि गेले तर पारड्यात तोच रुपया होता, डालड्याच्या डब्यातला. "वजन खरं हाय त्याचं," एवढंच म्हणाली. नंतर चाचांना दर उन्हाळ्यात तिच्याकडून येसराचा डबा जायचा आणि तो पोचवायला मी जायचे. आता तो रुपया माझ्या पदराला असतो. घासत मात्र मी त्याला कधीच नाही.

तर आत्यानं तो लखलखता रुपया चाचांच्या तळहातावर ठेवला. अख्खी पंगत वळून बघत होती.

"बघा भाऊ. माझ्या सासऱ्याच्या हातचा हाय. तुमी जाणकार, सांगा बरं, किती जुना असंल?"

चाचांनी सवयीनं तो दोन बोटांत कडेला धरला. चष्मा लावला. माझ्याकडं एकदा बघितलं. मी हात जोडले. वादा त्यांच्या पक्का लक्षात होता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मग रुपया उन्हात धरला, उलटा केला, कडेची माझी खोक पाहिली, ती चकाकी पाहिली, आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांच्या लेकराचे केस कापले.

"अगे मां! मेरे रुपये कू इमली से घिसा कौन?"